डावी म्हणजे कोणाची

मेणाच्या तबकात उंदीर उताणा टाचलेला होता, पोट उघडलेलं, आणि तिने हातातली कागदी झेंडी डावीकडच्या मूत्रपिंडात खोचली. खोचताना आपल्याला जराही शंका आली नाही, हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. प्रात्यक्षिकाच्या बाई टेबलांमधून फिरत होत्या. त्या तिच्या खांद्यामागे थांबल्या. मग झेंडीवरची अक्षरं त्यांनी मोठ्याने वाचली. "डावं मूत्रपिंड. कोणाचं डावं? तुझं की त्याचं?" मागच्या टेबलावर कोणीतरी फिसकन हसलं. "तो उताणा आहे. तू त्याच्या समोर आहेस. तुझी डावी ती त्याची उजवी," बाई म्हणाल्या. "इथून पुढं डावं-उजवं तुझं नसतं, समोर जो पडलाय त्याचं असतं. उंदराच्या वेळी चुकलीस, उंदराची काही तक्रार नाही." एवढं बोलून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. तिचा प्रात्यक्षिकातला भिडू, दंतवैद्य व्हायचं म्हणून या वर्गात येऊन बसलेला लांबोडका मुलगा, तिच्याकडे झुकून म्हणाला, "म्हणून तर मी दातांकडं चाललोय. चुकीचा उपटला तर शेजारी अजून एकतीस असतात." ती हसली. झेंडी उपसून तिने दुसऱ्या बाजूला खोचली. आणि तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं, की ही बाजूही चुकीचीच दिसते आहे.

नियम तिला ठाऊक होता. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात तो सांगितला होता, परीक्षेत तिने तो लिहिलाही होता, गुण पडले होते. कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने तो धडाधडा म्हणून दाखवला असता. पण नियम ठाऊक असणं आणि हात त्या बाजूला जाणं यांच्यामध्ये एक फट होती, ती त्या दुपारी उघडी पडली आणि मग मिटेचना. प्रयोगशाळेतून बाहेर पडल्यावर एका माणसाने तिला टपाल कचेरीचा रस्ता विचारला. "पुढच्या चौकातून उजवीकडं," ती म्हणाली आणि हात डावीकडे केला. माणूस क्षणभर तिच्या तोंडाकडे, मग हाताकडे पाहत राहिला आणि हाताने दाखवलेल्या दिशेला निघून गेला. माणसं शब्दांपेक्षा हातावर विश्वास ठेवतात, असं तिच्या मनात आलं. टपाल कचेरी नेमकी कुठे आहे, हे मात्र तिला तिथे उभं राहून आठवेना. ती रोज तिच्यावरून जायची. दुकानाच्या काचेत तिला आपलं प्रतिबिंब दिसलं, खांद्यावर पिशवी घेतलेलं, आणि प्रतिबिंबाच्या कोणत्या खांद्यावर पिशवी आहे असं म्हणायचं, यावर ती इतका वेळ अडून राहिली की आतला दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "काय हवं होतं, ताई?"

ती डावरी होती. पहिलीत असताना मास्तरांनी सगळ्या वर्गाला हात वर करायला लावून सांगितलं होतं, ज्या हाताने लिहिता तो उजवा, विसरायचं नाही. ती विसरली नाही. वर्षभर तिने तो नियम प्रामाणिकपणे पाळला आणि कवायतीत सगळे एकीकडे वळले की ती दुसरीकडे वळायची, शेजारच्या मुलीच्या नाकाला नाक लावून उभी राहायची. मुलं हसायची. मास्तरांना ती मुद्दाम करते असं वाटायचं. वर्षाच्या शेवटी कधीतरी आईच्या लक्षात आलं, तेव्हा आईने तिच्या मनगटावरचा तीळ दाखवला: हा तीळ जिथं, ती डावी. तेव्हापासून तिचं डावं म्हणजे तीळ. पुढे कितीतरी वर्षं कोणी डावं-उजवं विचारलं की तिची नजर आधी मनगटावर जायची, इतक्या चटकन की कोणाला कळायचंही नाही. ती त्याला आठवणं म्हणायची नाही, वाचणं म्हणायची. आता बाई म्हणत होत्या की डावं तुझं नसतंच, समोरच्याचं असतं. समोरच्याच्या मनगटावर तीळ नसतो.

वर्गात जीवशास्त्र शिकायला म्हणून आलेलं कोणी नव्हतं. सगळे इथून दुसरीकडे जायला आलेले. कोणी औषधनिर्माणाला, कोणी परिचारिकेच्या शिक्षणाला, एकीला हाडं-सांधे हलवून लोकांना पुन्हा चालायला शिकवायचं होतं, आणि निम्मा वर्ग तिच्यासारखा, डॉक्टरकीच्या दारावर डोकं आपटायला तयार असलेला. तीन वर्षं पेशी, वनस्पती, माशांचे कल्ले, उंदरांची पोटं, आणि मग प्रवेश परीक्षा. या सगळ्याचा आजारी माणसाशी काय संबंध, असं कोणी विचारलं की शिक्षक म्हणायचे, पाया आहे. तिला पायाची चित्रं आवडायची. पेशीचं विभाजन काढताना तिचा डावा हात अतिशय स्थिर चालायचा आणि तेवढा वेळ तिला वाटायचं की आपल्याला काहीतरी समजतं आहे. पण घरच्यांना पाया दिसत नव्हता, त्यांना थेट माडी दिसत होती. ती पहिल्या वर्षाला असतानाच काकांनी तिला गुडघा दाखवला. शेजारच्या काकूंनी जीभ दाखवली. ती म्हणायची, अहो, मी अजून गांडुळावर आहे. त्यावर सगळे हसायचे आणि जीभ बाहेरच ठेवायचे. बाबा तर तिला डॉक्टरीणबाईच म्हणायचे. त्यांचं नोकरीचं ठिकाण म्हणजे रंगाचं दुकान. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ते भिंतीच्या रंगाबरोबर मुलीची माहितीही देत. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली म्हणतात, तसं तिचं झालं होतं, फक्त हळकुंड दुसऱ्यांनीच उगाळून लावलं होतं, आणि तिने ते पुसलं नव्हतं.

मग बाबांच्या पाठीत कळा सुरू झाल्या. तपासण्या झाल्या, दोन्ही मूत्रपिंडांत खडे निघाले. एकीकडे बारीक, आपोआप पडून जातील असे, आणि दुसरीकडे एक मोठा, जो पाठीतून भोक पाडून फोडून काढावा लागणार होता. तपासणीचा फोटो घरी आला त्या संध्याकाळी ती कॉलेजातून नुकतीच आली होती. आईने तो मोठा काळा कागद पाकिटातून काढून तिच्या हातात दिला आणि सगळे तिच्याभोवती उभे राहिले, काकाही होते. तिने तो स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर धरला. धुरकट बरगड्या दिसल्या, मणके दिसले, आणि एका बाजूला पांढरा ठिपका. "हा बघा," ती म्हणाली. "अरे बापरे," काका म्हणाले. आईने विचारलं, "कोणत्या बाजूला म्हणायचा हा? डावी की उजवी?" आणि तिने लगेच सांगितलं, "डावी." लगेच सांगितलं, कारण तिच्या पाहण्यातले डॉक्टर लगेच सांगत. विचार करणाऱ्या डॉक्टरला लोक घाबरतात. तिने तेव्हा मनगटाकडे पाहिलं होतं का? फोटोच्या कोपऱ्यात एक अक्षर असतं, बाजू सांगणारं. ते तिने पाहिलं होतं का? पाहिलं असणार. कोपऱ्यात काहीतरी पांढरं होतं एवढं आठवत होतं. पण कागद पारदर्शक, कोणत्याही अंगाने धरला तरी दिसायचं ते दिसतंच, आणि तिने तो कोणत्या अंगाने धरला होता हे त्या संध्याकाळी विचारावंसं कोणालाच वाटलं नाही. उंदराची गोष्ट त्यानंतरची.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ती रुग्णालयात पोचली तेव्हा आई मार्गिकेतल्या बाकावर बसून डब्याचं झाकण उगाचच उघडत-लावत होती. बाबांना काही खायचं नव्हतं, म्हणून आईनेही खाल्लं नव्हतं. "मोठे डॉक्टर येऊन गेले," आई म्हणाली. "मला बाहेर काढलं. पडदा ओढून घेतला. नंतर सिस्टर म्हणाली, आता स्वच्छ आंघोळ करून हा झगा घाला. आत आहेत आंघोळीला. तास झाला." तास झाला नव्हता, पण बाबांच्या आंघोळीला आई तासच म्हणायची. दुकानातून आल्यावर बाबा न्हाणीघरात शिरायचे ते हातांवरचे, कोपरांवरचे, कधी कानामागचे रंगाचे ठिपके शोधून शोधून घासत राहायचे. रंग लागलेला माणूस घरात फिरलेला त्यांना चालत नसे. तेलाचा बोळा, मग साबण, मग खरबरीत फडकं, हा क्रम ठरलेला. लहानपणी ती दाराबाहेर उभी राहून तो खसखस आवाज ऐकायची आणि आवाज थांबला की बाबा तांबूस होऊन बाहेर यायचे, नव्यासारखे.

त्या दोघी आत खाटेपाशी गेल्या, तेवढ्यात ते तसेच बाहेर आले. मागे नाड्या बांधायचा झगा त्यांनी मागून एका हाताने आवळून धरला होता आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं होतं. "या डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "ह्यांच्याकडं साबण अगदीच पुचाट आहे हो. शाई निघता निघेना."

"कसली शाई?" तिने विचारलं.

"ही एवढी रेघ ओढून ठेवली होती कमरेवर. बाणासारखी. दोन्ही बाजूंनी घासून काढली. दुसरीकडं पण कुठं उमटली असली तर म्हणून."

आईने डबा खाली ठेवला. "अहो, ती डॉक्टरांनी मुद्दाम काढली असेल!"

"मुद्दाम कशाला काढतील अंगावर?" बाबा म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना ते कळलं. त्यांचा चेहरा बदलला तो भीतीने नव्हे; शाळेतल्या मुलाच्या हातून बाईंची काचेची बरणी फुटल्यावर होतो तसा. ते खाटेवर बसले. "सिस्टर म्हणाली स्वच्छ धुवा. धुतलं मी."

"कोणत्या बाजूला होती?" तिने विचारलं.

बाबांनी झगा वर करून पाहिलं. बरगड्यांच्या खाली, कमरेच्या वर, दोन्हीकडे कातडी सारखीच लाल झाली होती. "ह्या," ते एकीकडे हात लावून म्हणाले. मग, "थांब. मी असा आडवा होतो." ते आडवे झाले. "डॉक्टर खिडकीच्या बाजूनं आले. नाही, खिडकीकडं ती पोरगी उभी होती, ट्रे घेऊन. मी डोळे मिटले होते गं. गार लागलं तेवढं कळलं."

"बाबा, दुखतं कुठं?"

"आता कुठंच नाही. पहाटे सुई दिली ना. आधी तर सगळीकडंच दुखायचं."

"डॉक्टरांनी सांगितलं असेल ना तुम्हांला, कोणती बाजू ते?"

"सांगितलं की," आई मध्ये म्हणाली. "मोठा खडा आहे ती बाजू, म्हणाले. ती डावीच. डावीच ना? तूच तर सांगितलंस तेव्हा, खिडकीपाशी."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. बाबांना बाजू ठाऊक होती, आईला ठाऊक होती, काकांनी ती चार जणांना फोनवर सांगितली होती, आणि सगळ्यांना ती तिच्याकडून ठाऊक झाली होती. घरात त्यानंतर जे जे कोणी बोललं, ते तिच्या त्या एका शब्दावर रचत गेलं होतं. आता ती त्यांना विचारत होती आणि ते तिचाच शब्द तिला परत देत होते, धुऊन पुसून, साक्षीदारासारखा. डॉक्टरांनी त्यांना वेगळं काही सांगितलं असतं तरी त्यांना ते ऐकू आलं नसतं. मुलगी म्हणाली ती बाजू, एवढंच ऐकू आलं असतं.

"तुझ्याकडं ते जाड पेन असेल ना?" आई पुटपुटली. "काचेच्या नळ्यांवर लिहायचं? काढ की पटकन. होती तशी. कोणाला कळायचंही नाही."

"काढ गं बाळा," बाबा म्हणाले. "ती सिस्टर फार खवट आहे. शेजारच्याला पाणी प्याला म्हणून केवढं झापलं तिनं." त्यांनी झगा वर धरून ठेवला आणि मान दुसरीकडे वळवली, टोचून घेणारा माणूस वळवतो तशी.

पेन तिच्या पिशवीत होतं. ते तिच्या हातात कधी आलं आणि टोपण कधी निघालं हे तिला समजलं नाही. बाबांच्या अंगाला पुचाट साबणाचा वास येत होता. इतक्या जवळून तिने त्यांचं पोट कधी पाहिलं नव्हतं. ते आत-बाहेर होत होतं, बेंबीखाली पांढरे केस होते, आणि ते उताणे पडले होते. समोर जो पडलाय त्याचं डावं. ते डोकं भिंतीकडे करून पडले होते, ती पायाशी उभी होती, म्हणजे तिचं उजवं ते त्यांचं डावं. ती खाटेच्या कडेला आली, आता ती त्यांच्याशी काटकोनात होती आणि हिशोब पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. बाबांची डावी बाजू कोणती, हे तिने शेवटी धरून आणलं. त्यांच्या हृदयावर हात ठेवून ते तिथे धडधडतं आहे हे पाहून धरून आणलं. तो हात ठेवला तेव्हा बाबा हसले, "गुदगुल्या नको करू." पण ते धरून आणल्यावर तिच्या ध्यानात आलं की तिला हवं होतं ते हे नव्हतंच. प्रश्न बाबांची डावी कोणती हा नव्हता. खडा डावीकडे आहे का, हा होता. आणि त्याचं उत्तर त्या खिडकीपाशी राहून गेलं होतं. तिने डोळे मिटून तो काळा कागद पुन्हा खिडकीसमोर धरून पाहिला. बरगड्या आल्या, मणके आले, पांढरा ठिपका आला, पण तो एकदा इकडे यायचा आणि एकदा तिकडे, आणि दोन्ही वेळा काका म्हणायचे, अरे बापरे.

"होईल का गं आज?" आई म्हणाली. "नुसती एक रेघ ओढायची."

नुसती एक रेघ. तिचा हात अतिशय स्थिर होता, याचंच तिला जास्त भय वाटलं. हात थरथरत असता तर बरं झालं असतं. हाताला काहीच संशय नव्हता. तो एका बाजूला निघालासुद्धा होता, बाबांच्या कातडीपासून बोटभर अंतरावर होता, उंदराच्या वेळी होता तितकाच खात्रीचा. तिने पेन मागे घेतलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

"काय माहीत नाही?"

"बाजू. मला बाजू माहीत नाही. मी त्या दिवशी डावी म्हणाले, पण मी कागद कसा धरला होता मला आठवत नाही. मी सिस्टरना सांगते."

"अगं, तू सांगितलंस म्हणून तर—" आईने वाक्य अर्धवट सोडलं. बाबांनी झगा खाली ओढला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. "मी सिस्टरला सांगून बसलोय," ते छताला उद्देशून म्हणाले, "की मुलगी डॉक्टर होते आहे. एवढं साधं तर असतं."

मुख्य परिचारिका टेबलाशी औषधांच्या वाट्या लावत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि हातातली वाटी खाली ठेवली. "धुतलं?" त्या म्हणाल्या. "न निघणारी शाई असते ती. कशानं धुतलं, ॲसिडनं?"

"रंगाच्या दुकानात आहेत. सवय आहे."

"धन्य आहे." त्यांनी फोन उचलला, मग फोनवर हात ठेवून विचारलं, "आणि तुझ्या हातात ते उघडं पेन कशाला?" तिने टोपण लावलं. त्यांनी पुढे विचारलं, "काय करतेस तू?"

"जीवशास्त्र. दुसरं वर्ष."

"डॉक्टरकीला जायचंय?"

हो म्हणायचं होतं. तोंडात हो तयार होतं, कितीतरी वर्षांचं, पाठ झालेलं. "बघू," ती म्हणाली.

"बाजू आमच्या कागदांवर असते, फोटोवर असते, आत नेल्यावर पुन्हा विचारतात. पण तू तिथं रेघ ओढली असतीस ना, तर सगळ्यांनी आधी ती रेघच पाहिली असती," परिचारिका म्हणाल्या, आणि फोनवर बोलू लागल्या.

मोठे डॉक्टर अर्धवट हिरव्या कपड्यांत, कपाळाला आठ्या घालून आले. त्यांच्या मागे फोटोचं पाकीट घेऊन कोणीतरी होतं. पहिला नंबर बाबांचा होता, तो दुसऱ्याला गेला. पडदा ओढला गेला, तिला आणि आईला बाहेर काढलं गेलं. आतून कागद हलल्याचा आवाज आला, डॉक्टरांचा आवाज आला, "आता हात लावायचा नाही, समजलं ना?" आणि बाबांचं अजिजीचं, "नाही साहेब, नाही." आई रागावलीही नव्हती, ती फक्त हिशोब जुळत नसल्यासारखी मुलीकडे बघत होती. मुलीला वाटलं, आता काकांना कळेल, शेजारच्या काकू जीभ आत घेतील. यात सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते वाटत होतं की नाही, ती आत चाचपून पाहत होती आणि हाताला काही लागत नव्हतं. पुढच्या आठवड्यात सस्तन प्राण्यांच्या रक्ताभिसरणावर चाचणी होती. ती देणार होती का? देणार असेल. हृदयाचा डावा कप्पा नेहमी चित्राच्या उजवीकडे काढतात, हे तिने पहिल्या वर्षापासून काढत आणलं होतं, न चुकता, आणि ते काढताना तिने ते कधी एखाद्या माणसाच्या आत आहे असं धरलंच नव्हतं.

दुपार कलल्यावर चाकांची खाट आली. बाबांना दोघांनी उचलून तिच्यावर ठेवलं. त्यांचे ओठ कोरडे पडले होते, दिवसभर पाण्याशिवाय. रुग्णसेवक चादर नीट करत असताना बाबांनी खुणेने तिला जवळ बोलावलं आणि चादरीखालून झगा जरासा सरकवून दाखवला. नवा बाण होता, पहिल्यापेक्षा ठसठशीत असणार, डॉक्टरांनी चिडून काढलेला. भोवतीची कातडी अजून लाल होती. ती बाणाकडे बघत राहिली. तो बरोबर ठिकाणी आहे असं तिला वाटलं. पण तो दुसरीकडे असता तर तेही तिला बरोबरच वाटलं असतं, याचीही तिला तितकीच खात्री होती.

"खरं सांग," बाबा हळूच म्हणाले. आईला ऐकू जाऊ नये असं, पण आई ऐकतच होती. "काढली असतीस तर तू कुठं काढली असतीस?"

त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते. गेले काही तास ते छताकडेच बघत होते. आता ते भ्यायले होते, आणि ते आत जाणार होते ते डॉक्टरांच्या भरवशावर नाही हे तिला दिसत होतं.

"इथंच," ती म्हणाली.

"बघ," बाबा आईला म्हणाले, आणि उशीवर डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. "मी म्हणत होतो की नाही. पोरीला सगळं कळतं, नुसती घाबरते. उगाच त्या लोकांची धावपळ."

रुग्णसेवकाने खाट ढकलली. ती बाजूने चालत राहिली, एक हात खाटेच्या गार दांडीवर ठेवून. पेन तेव्हा टेकलं असतं तर कुठे टेकलं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. बाबांना मात्र ते आता ठाऊक झालं होतं.